अंडाशयातली गाठ: सोनोग्राफीला जाण्यापासून रिपोर्ट समजून घेण्यापर्यंत

‘उजव्या ओव्हरीत ४२ × ३८ मिमी आकाराची सिस्ट’ असं रिपोर्टात वाचलं की बहुतेकींची नजर त्या आकड्यावरच खिळते. मग तो आकडा बहिणीला, जावेला, शेजारणीला सांगितला जातो आणि प्रत्येकीकडे कुणाची तरी त्याहून मोठी गाठ निघाल्याची हकीकत तयार असते. आकड्याला महत्त्व आहे, पण त्याचा नंबर चौथा. त्याआधी तीन गोष्टी विचारायच्या: तपासणी पाळीच्या कितव्या दिवशी झाली, पाळी अजून चालू आहे की गेली, आणि गाठ आतून कशी दिसते. ही तीन उत्तरं हातात नसतील तर ४२ मिमी या आकड्यातून काहीच कळत नाही.

निदान तुमच्या डॉक्टरांनीच करायचं आहे. त्यांच्या समोर बसल्यावर काय बोललं जातंय ते समजावं आणि योग्य ते प्रश्न विचारता यावेत, एवढ्यासाठी हा लेख.

आधी अंडाशयाचं महिन्याचं काम

पाळी चालू असलेल्या बाईचं अंडाशय साधारण ३ सेंमी लांब असतं. दर महिन्याला त्यात पाण्याने भरलेल्या काही बारीक पिशव्या वाढू लागतात. त्यांना फॉलिकल म्हणतात. त्यातलं एक फॉलिकल बाकीच्यांना मागे टाकून १८ ते २५ मिमीचं होतं आणि २८ दिवसांचं चक्र असेल तर १४ व्या दिवसाच्या आगेमागे फुटून बीज बाहेर सोडतं. फुटलेल्या जागी कॉर्पस ल्युटियम तयार होतं. ते प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक बनवतं आणि गर्भ राहिला नाही तर विरून जातं.

म्हणजे पडद्यावर अंडाशयात एखादी काळी, गोल, पाण्याची पिशवी दिसणं हे अंडाशय नीट काम करत असल्याचं लक्षण आहे. पाळी चालू असेल तर ३ सेंमीपर्यंतच्या अशा साध्या पिशवीला सिस्ट म्हणायचंच नाही, फॉलिकल म्हणायचं, असं रेडिओलॉजीचे आजचे नियम सांगतात. तरीही ‘२६ मिमी सिस्ट’ लिहिलेले रिपोर्ट सर्रास हाती येतात आणि धडधाकट मुली महिनोन्महिने गोळ्या घेत बसतात.

कधी फॉलिकल फुटत नाही, वाढतच राहतं. कधी कॉर्पस ल्युटियममध्ये पाणी किंवा रक्त साठतं. या गाठींना फंक्शनल सिस्ट म्हणतात. अंडाशयाच्या नेहमीच्या कामातूनच त्या होतात आणि बहुतेक दोन-तीन पाळ्यांत आपसूक जिरतात. गाठ विरघळवणाऱ्या काढ्यांची ख्याती यांच्याच जोरावर टिकून आहे.

सोनोग्राफीची वेळ ठरवताना

पोटात दुखत असेल, ताप असेल, रक्तस्राव थांबत नसेल तर दिवस मोजत बसू नका, त्याच दिवशी जा. घाई नसेल, विशेषतः जुनी गाठ पुन्हा बघायची असेल, तर पाळी संपल्यावर लगेच, म्हणजे साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात तपासणी करून घ्या. तेव्हा नवं मोठं फॉलिकल अजून तयार झालेलं नसतं आणि मागच्या महिन्याचं कॉर्पस ल्युटियमही गेलेलं असतं. विसाव्या दिवशी गेलात तर जुनी गाठ गेली असली तरी नवी एखादी दिसायची आणि ‘गाठ तशीच आहे’ असा समज व्हायचा.

शेवटची पाळी सुरू झाल्याची तारीख कागदावर लिहून न्या. रिपोर्टात ती ‘एलएमपी’ म्हणून येते. पाळी चुकली असेल तर आधी घरच्या घरी लघवीची गर्भचाचणी करा, लग्न झालेलं असो वा नसो. गरोदरपणाच्या सुरुवातीला अंडाशयात कॉर्पस ल्युटियमची सिस्ट दिसणं अगदी नेहमीचं आहे. शिवाय गर्भ नळीत अडकलेला असेल तर तोही अंडाशयाशेजारच्या गाठीसारखा दिसू शकतो, आणि त्यात वेळ घालवून चालत नाही.

जुने सगळे रिपोर्ट आणि फिल्म सोबत ठेवा. दोन वर्षांपूर्वी हीच गाठ एवढीच होती, हे समजलं तर पुढच्या बऱ्याच तपासण्या टळतात.

पोटावरून की आतून

पोटावरून करायची सोनोग्राफी सगळ्यांच्या ओळखीची आहे. तिच्यासाठी तासभर आधी भरपूर पाणी पिऊन लघवी रोखून धरावी लागते. भरलेलं मूत्राशय आतड्यांना बाजूला सारतं आणि त्याच्या पाण्यातून ध्वनिलहरी पलीकडच्या गर्भाशय-अंडाशयापर्यंत नीट पोचतात. मोठी गाठ पोटात वरपर्यंत आली असेल तर हीच पद्धत चांगली.

आतून करायची ती टीव्हीएस. बोटासारखा लांबट प्रोब, त्यावर नवा निरोध आणि जेल लावून योनिमार्गात हलकेच सरकवतात. यासाठी लघवी करून मूत्राशय रिकामं ठेवायचं. दोन्ही एकाच दिवशी करायच्या असल्या की आधी पोटावरून, मग लघवीला जाऊन येऊन आतून, असा क्रम असतो. आतला प्रोब अंडाशयाच्या अगदी जवळ पोचतो, त्यामुळे जास्त कंपनसंख्येच्या लहरी वापरता येतात आणि गाठीच्या आतली बारीकसारीक रचना स्पष्ट दिसते. गाठीचं स्वरूप ठरवायला हीच तपासणी खरी उपयोगाची. थोडं अवघडल्यासारखं होतं, दुखत सहसा नाही. दुखलं तर सांगा, प्रोब थांबवता येतो. खोलीत एखादी स्त्री कर्मचारी असावी असं वाटत असेल तर तसं मागा, त्यात गैर काही नाही.

शरीरसंबंध कधीच आलेले नसतील तर ते आधीच सांगा. अशा वेळी आतून तपासणी करत नाहीत. पोटावरून केलेल्या तपासणीत नीट दिसलं नाही तर गुदमार्गातून सोनोग्राफी किंवा एमआरआय हे पर्याय असतात.

महाराष्ट्रात काय किंवा देशात कुठेही, सोनोग्राफी केंद्रात ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी दिसेल आणि ओळखपत्रही मागतील. १९९४ च्या केंद्रीय कायद्यामुळे ही शिस्त आली. महाराष्ट्राने असा कायदा त्याआधीच, १९८८ साली केला होता. गाठीच्या तपासणीशी त्याचा संबंध नाही, ‘फॉर्म एफ’ हा गर्भवतींसाठी असतो.

पडद्यावरचं काळं, पांढरं आणि करडं

ध्वनिलहरी शरीरात जातात आणि जिथे पदार्थ बदलतो तिथून परततात. निव्वळ पाण्यातून काहीच परत येत नाही, म्हणून पाणी काळंभोर दिसतं. चरबी, हाड, केस पांढरे दिसतात. घट्ट रक्त किंवा भरीव मांस करडं दिसतं. संपूर्ण निदान या फरकावर उभं आहे, आणि गंमत म्हणजे सोनोग्राफीचा वैद्यकातला जन्मच अंडाशयाच्या गाठींशी जोडलेला आहे. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड १९५५ साली ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी घेऊन बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्यात गेले. तिथे धातूतल्या भेगा शोधायचं ध्वनियंत्र होतं. पाण्याची गाठ आणि फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली भरीव गाठ, यांचे प्रतिध्वनी वेगळे येतात हे त्यांना तिथे दिसलं. पुढे पोटाचा कर्करोग असाध्य झाला आहे असं ठरवलेल्या एका बाईच्या पोटात त्यांच्या यंत्राने अंडाशयाची मोठी सिस्ट दाखवली. ती काढली आणि बाई वाचली. ७ जून १९५८ च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डोनाल्ड, मॅकव्हिकर आणि इंजिनिअर टॉम ब्राउन यांचा यावरचा लेख आला. आज गल्लीतल्या केंद्रात होणारी तपासणी त्याच कामातून पुढे आली आहे.

रिपोर्ट वाचताना

आधी माप. मिमी आणि सेंमी यात गल्लत होते: ४२ मिमी म्हणजे ४.२ सेंमी. काही केंद्रं घनफळही देतात. लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार करून त्याला ०.५२ ने गुणलं की ते निघतं. ५ × ४ × ४ सेंमीच्या गाठीचं घनफळ सुमारे ४२ मिलि येईल. व्यास दुप्पट झाला तर घनफळ आठपट होतं, म्हणून एका रिपोर्टातले सेंमी दुसऱ्या रिपोर्टातल्या मिलिशी ताडून पाहू नका.

मग वर्णनाचे शब्द. ‘अ‍ॅनएकोइक’ म्हणजे पूर्ण काळी, आत फक्त पाणी. ‘थिन वॉल्ड’ म्हणजे भिंत पातळ. ‘युनिलॉक्युलर’ म्हणजे एकच कप्पा. हे तिन्ही शब्द एकत्र आले की ती साधी सिस्ट. ‘सेप्टा’ म्हणजे आतले पडदे. एखाददुसरा पातळ पडदा असला म्हणून घाबरायचं कारण नाही. ‘सॉलिड कॉम्पोनंट’ म्हणजे भरीव भाग आणि ‘पॅपिलरी प्रोजेक्शन’ म्हणजे भिंतीवरून आत आलेले कोंब. हे शब्द दिसले तर पुढच्या ओळी नीट वाचा. ‘व्हॅस्क्युलॅरिटी’ म्हणजे त्या भागात रक्तप्रवाह किती, हे रंगीत डॉप्लरवर पाहतात. ‘पीओडीत मिनिमल फ्री फ्लुइड’ म्हणजे गर्भाशयामागे थोडंसं पाणी. बीज सुटल्यानंतर ते दिसणं साहजिक आहे.

अंडाशयाशी संबंध नसलेल्या गोष्टींनीही लोक धास्तावतात. ‘नाबोथियन सिस्ट’ गर्भाशयाच्या मुखावर असते, निरुपद्रवी असते, तिला औषध लागत नाही. ‘पॅराओव्हेरियन सिस्ट’ अंडाशयाच्या शेजारी असते, अंडाशयात नाही.

आणि पीसीओडी. त्यात अंडाशयाच्या कडेने बारीक फॉलिकलांची रांग दिसते. त्या गाठी नव्हेत, अर्धवट वाढून थांबलेली फॉलिकलं आहेत. त्यांचं ऑपरेशन करायचं नसतं. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आधुनिक प्रोबने एका अंडाशयात २० किंवा अधिक फॉलिकलं किंवा १० मिलिपेक्षा कमी नसलेलं घनफळ असेल तरच ‘पॉलिसिस्टिक’ म्हणायचं. तेवढ्यानेही निदान होत नाही: अनियमित पाळी, किंवा पुरुषी संप्रेरकं वाढल्याच्या खुणा, यांपैकी निदान एक तरी लागतं. पाळी सुरू होऊन ८ वर्षं झाली नसतील तर या निदानासाठी सोनोग्राफी वापरूच नये, असंही त्या सूचना सांगतात. सोळा वर्षांच्या मुलीच्या फायलीवर केवळ एका सोनोग्राफीच्या भरवशावर ‘पीसीओडी’चा शिक्का बसला असेल तर दुसऱ्या डॉक्टरांना जरूर विचारा.

चेहऱ्यावरून ओळखू येणाऱ्या गाठी

काही गाठींचं रूप इतकं ठरलेलं असतं की अनुभवी डोळ्याला त्या लगेच ओळखू येतात.

रक्ताची गाठ, म्हणजे हेमोरॅजिक सिस्ट: आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा किंवा आकसत चाललेली रक्ताची गुठळी. बहुधा पाळीच्या चक्राच्या दुसऱ्या पंधरवड्यात, एका बाजूला अचानक दुखून कळते. सहा-आठ आठवड्यांनी, पाळी संपल्यावर पुन्हा बघायचं. बहुतेकदा ती तोवर गेलेली असते.

चॉकलेट सिस्ट, म्हणजे एंडोमेट्रिओमा: आत एकसारखा करडा धुरकटपणा, ज्याला रिपोर्टात ‘ग्राउंड ग्लास’ म्हणतात. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती अंडाशयात रुजते, तिथे वारंवार रक्त साठत जातं आणि जुनं होऊन तपकिरी होतं. पाळीत असह्य दुखणं, संबंधाच्या वेळी दुखणं, मूल राहायला अडचण, अशा तक्रारी सोबत असतात. ही जिरत नाही. पण घाईने ऑपरेशनही करायचं नाही, कारण ती सोलून काढताना अंडाशयातली निरोगी बीजंही कमी होतात. मूल हवं असेल तर ऑपरेशनआधी एएमएच ही बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी आणि वंध्यत्वतज्ज्ञांशी बोलणं, दोन्ही करून घ्या.

डर्मॉइड: आत चरबी, केस, कधी दातसुद्धा. पडद्यावर लख्ख पांढरा भाग आणि त्याच्यामागे सावली. कधी ती आतड्यातला वायू समजून नजरेतून सुटते. अविवाहित मुलीच्या गाठीत केस-दात निघाले की घरात नको ते बोललं जातं, म्हणून स्पष्ट लिहितो: याचा शरीरसंबंधाशी किंवा गर्भाशी काहीही संबंध नाही. बीज तयार करणाऱ्या पेशींपासूनच ही गाठ होते आणि कुमारिकांमध्येही होते.

सिस्टअ‍ॅडिनोमा, म्हणजे अंडाशयाच्या आवरणातल्या पेशींपासून होणाऱ्या गाठी, मात्र पोट भरून टाकण्याइतक्या वाढू शकतात. बहुतेक साध्याच असतात, पण जिरत नाहीत.

साधी की संशयास्पद

यासाठी दोन पद्धती प्रचलित आहेत. युरोपातल्या आयोटा या अंडाशयाच्या गाठींचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांच्या गटाने २००८ साली मांडलेले सोपे नियम सौम्यतेच्या पाच आणि घातकतेच्या पाच खुणा तपासतात. एकच कप्पा, सर्वांत मोठा भरीव भाग ७ मिमीपेक्षा लहान, मागे सावली, १० सेंमीच्या आतली गुळगुळीत अनेक कप्प्यांची गाठ, रक्तप्रवाह अजिबात नसणं या चांगल्या खुणा. ओबडधोबड भरीव गाठ, पोटात पाणी, चार किंवा अधिक कोंब, १० सेंमी किंवा मोठी ओबडधोबड, भरीव भाग असलेली अनेक कप्प्यांची गाठ, भरपूर रक्तप्रवाह या वाईट. फक्त चांगल्या खुणा असल्या तर साधी, फक्त वाईट असल्या तर घातक असण्याची शक्यता जास्त. दोन्ही असल्या किंवा एकही नसली तर अनुभवी तज्ज्ञांकडे किंवा एमआरआयला पाठवतात.

दुसरी ओ-रॅड्स, म्हणजे रेडिओलॉजिस्टांची धोक्यानुसार वर्गवारी. रिपोर्टाच्या शेवटी ० ते ५ असा आकडा असतो. ० म्हणजे तपासणी अपुरी, १ म्हणजे सर्व ठीक. २ म्हणजे कर्करोगाची शक्यता १ टक्क्याहून कमी, ३ म्हणजे १ ते १० टक्क्यांच्या आत, ४ म्हणजे १० ते ५० च्या आत, ५ म्हणजे ५० टक्के किंवा अधिक. तुमच्या रिपोर्टात हा आकडा नसेल तर डॉक्टरांना विचारता येतो. मला स्वतःला ‘कॉम्प्लेक्स सिस्ट’ या मोघम शब्दापेक्षा हा आकडा कितीतरी बरा वाटतो. कॉम्प्लेक्समध्ये रक्ताची निरुपद्रवी गाठही येते आणि कर्करोगही.

सोबत बहुधा सीए-१२५ ही रक्ततपासणी सांगतात. ३५ च्या आत सर्वसामान्य. पण पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात, एंडोमेट्रिओसिसमध्ये, फायब्रॉइडमध्ये आणि आपल्याकडे विसरून चालणार नाही अशा पोटाच्या क्षयातही ती वाढते. उलट सुरुवातीच्या कर्करोगात ती पुष्कळदा नॉर्मलही येते. पाळी चालू असलेल्या बाईची साधी सिस्ट असेल तर ही तपासणी करायची गरजच नसते. चाळिशीच्या आतल्या बाईच्या गाठीत भरीव भाग असेल तर एएफपी, एलडीएच आणि बीटा-एचसीजी या वेगळ्या रक्ततपासण्या लागतात.

थांबायचं किती

ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेचे नियम सोपे आहेत. पाळी चालू असेल आणि साधी सिस्ट ५ सेंमीच्या आत असेल तर पुन्हा तपासणीचीही गरज नाही. ५ ते ७ सेंमी असेल तर वर्षाने एकदा बघायचं. त्याहून मोठी असेल तर एमआरआय किंवा ऑपरेशनचा विचार करायचा. गर्भनिरोधक गोळ्या देऊन असलेली सिस्ट लवकर जाते, असं अभ्यासांत दिसलेलं नाही; नुसतं थांबलेल्या बायकांमध्येही ती तितक्याच वेळात जाते.

पाळी गेल्यावर हिशेब बदलतो. एका बाजूची, ५ सेंमीच्या आतली साधी सिस्ट आणि सीए-१२५ नॉर्मल असेल तर तेव्हाही चार-सहा महिन्यांनी पुन्हा पाहतात आणि वर्षभर बदल नसेल तर पाठपुरावा थांबवतात. पण भरीव भाग असलेली गाठ असेल तर वाट बघायची नाही. पन्नाशीनंतर पोट सतत फुगणं, दोन घासांत पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, लघवीला वरचेवर लागणं हे महिन्यातले बरेच दिवस होत असेल तर अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या बाजूला ठेवून सोनोग्राफी करा. आई किंवा बहिणीला अंडाशयाचा वा स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर ते न विचारताही सांगा.

रात्री दोन वाजता असलं तरी निघायचं ते कधी

गाठीच्या वजनाने अंडाशयाला पीळ पडू शकतो. ५ सेंमीपेक्षा मोठ्या गाठी, त्यातही डर्मॉइड, यांत ही भीती जास्त. एका बाजूला अचानक जीवघेणं दुखणं आणि सोबत उलट्या, ही त्याची खूण. दुखणं मध्येच कमी होऊन परत येतं, त्याला फसू नका. सोनोग्राफीत अंडाशय सुजलेलं आणि रक्तवाहिन्या भोवऱ्यासारख्या गुंडाळलेल्या दिसतात. डॉप्लरवर रक्तप्रवाह दिसला तरी पीळ नाही असं ठरत नाही. वेळेवर पीळ सोडवला तर काळंनिळं दिसणारं अंडाशयही पुष्कळदा वाचतं, म्हणून तास महत्त्वाचे. गाठ फुटून पोटात रक्तस्राव झाला तर चक्कर, घाम, पांढरंफटक पडणं दिसतं. तेव्हाही थेट रुग्णालय.

ऑपरेशन सुचवलं तर

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. तेव्हापासून तरी ‘गाठ आहे, पिशवीच काढून टाकू’ हे वाक्य ऐकल्यावर आपण क्षणभर थांबायला हवं होतं. अंडाशयातल्या साध्या गाठीसाठी गर्भाशय काढायचं कारण नाही. बहुतेकदा दुर्बिणीतून फक्त गाठ सोलून काढता येते आणि अंडाशय राखता येतं.

म्हणून सही करण्याआधी विचारा: फक्त गाठ काढणार की अंडाशयही? दुसरं अंडाशय कसं आहे? गाठ पोटात न फुटता पिशवीत घालून बाहेर काढणार का? संशय असेल तर ऑपरेशन चालू असतानाच फ्रोझन सेक्शनची, म्हणजे गाठीचा तुकडा गोठवून लगेच तपासण्याची, सोय तिथे आहे का, की कर्करोगाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञांकडेच जायला हवं? आणि काढलेली गाठ, दिसायला कितीही साधी असली, तरी पॅथॉलॉजीला पाठवायची. तो रिपोर्ट आठवडा-दहा दिवसांनी आठवणीने मागून घ्या आणि फायलीत लावा.